बोलपटातील संगीत आणि तबकडीवरील संगीत

एखाद्या चित्रपटाचे संगीत कसे होते, असा प्रश्न कोणी केला असता आपण सामान्यतः त्यातील गाणी आठवू लागतो. ती गाणी तरी चित्रगृहात ऐकलेली नव्हेत, तर ग्रामोफोनच्या तबकडीवरून, नभोवाणीवरून, पुढे कॅसेटवरून आणि आता हातातील मोबाइलवरून शेकडो वेळा कानी पडलेली असतात. चित्रपट माणूस एकदा पाहतो, फार तर दोनदा पाहतो. त्याची गाणी मात्र तो आयुष्यभर ऐकतो. त्यामुळे तबकडीवर जे आहे तेच चित्रपटाचे संगीत, अशी समजूत नकळत दृढ होते. आमच्या मते ही समजूत चुकीची असून तिच्या योगे आपल्या संगीतविषयक इतिहासलेखनात एक मोठा दोष शिरला आहे. चित्रपटासाठी योजलेले संगीत आणि त्याच चित्रपटाच्या नावाने बाजारात विकले जाणारे संगीत या दोन निरनिराळ्या वस्तू होत. त्यांचे हेतू निराळे, श्रोते निराळे, आणि त्यांस पडणारी बंधनेही निराळी. हा भेद आपल्याकडे कसा उत्पन्न झाला, त्यात काय हरवले आणि काय लाभले, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

या भेदाचे मूळ बोलपटाहून जुने आहे. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, आणि तेव्हापासून आपल्या संगीतास तबकडीचे माप लागू झाले. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत उच्चारीत, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत; तेथील कारागिरांस गाणे कोणाचे हे कळावे, एवढाच त्या उच्चाराचा हेतू होता. म्हणजे अगदी प्रारंभापासूनच मैफलीत नसलेले काहीतरी तबकडीवर आले आणि मैफलीत असलेले पुष्कळसे गळाले. दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई. तिच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांहून फारसे अधिक गाणे मावत नसे. बारा इंची तबकडीवर साडेचार मिनिटे मिळत. जो राग तासभर आळवावयाचा, तो एवढ्या अवकाशात बसवावयाचा म्हणजे विस्तार सोडून केवळ सार द्यावयाचे, हे ओघानेच आले.

मराठी रंगभूमीवरील पदांची तीच गत झाली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' अवतरले, तेव्हापासून संगीत नाटकाची जी परंपरा चालू झाली तिच्यात पद किती वेळ चालावे हे नाटककार ठरवीत नसे आणि पुष्कळदा गायक नटही ठरवीत नसे. ते प्रेक्षक ठरवीत. 'मानापमाना'ची (१९११) पदे गोविंदराव टेंबे यांनी बांधली, 'स्वयंवरा'ची (१९१६) भास्करबुवा बखले यांनी. बालगंधर्वांच्या कंठातून ती निघाली म्हणजे 'वन्स मोअर'चा गजर होई, आणि प्रत्येक आवर्तनात पदाचे रूप थोडेथोडे पालटे. त्याच पदांच्या तबकड्या पुढे घरोघर गेल्या. ज्यांनी बालगंधर्वांना रंगभूमीवर कधी पाहिले नाही अशा दोन-तीन पिढ्या त्या तीन मिनिटांवरच वाढल्या, आणि नाट्यपद म्हणजे तीन मिनिटांचे गाणे, अशी त्यांची धारणा झाली. तबकडी खोटी नव्हती. परंतु तिने नाटकातील एकच गोष्ट उचलली होती, आणि ज्या गोष्टीमुळे पद नाटकाचे होते ती, म्हणजे नट व प्रेक्षक यांमधील देवघेव, तिला उचलता येण्यासारखीच नव्हती.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील वाचकांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर हा जो धानाचा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो, तेथे दिवाळीनंतर मंडईचे दिवस लागले की गावोगाव नाटके उभी राहतात. वडसा येथील मंडळ्यांना बोलावणी जातात, रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, आणि गाणे रंगले तर ते पुन्हा होते. दंडारीच्या खेळातही कवन किती लांबवावे हे समोरची मंडळी पाहूनच ठरते. अलीकडे या नाटकांतील गाणी मोबाइलवर टिपून घेतली जातात व दोन-चार मिनिटांच्या तुकड्यांनी सर्वत्र फिरतात. पुण्या-मुंबईकडील पुष्कळ लोकांस झाडीपट्टीची ओळख होते ती या तुकड्यांतूनच. शंभर वर्षांपूर्वी तबकडीने संगीत नाटकाचे जे केले तेच येथे पुन्हा घडत आहे. म्हणून प्रस्तुत प्रश्न केवळ जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांपुरता आहे, असे कोणी समजू नये.

आता बोलपटाकडे वळू. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईस 'आलम आरा' प्रदर्शित झाला. त्याची गाणी तबकडीवर आली नाहीत, आणि चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे आपल्या पहिल्या बोलपटाचे संगीत दोन्ही रूपांनी नाहीसे झाले आहे. पुढील वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला. राजा हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत अशी दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांजकडे होती, तारामती दुर्गाबाई खोटे होत्या, आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्या काळी पार्श्वगायनाची युक्ती निघाली नव्हती. नटाने चित्रणाच्या वेळीच प्रत्यक्ष गावयाचे, ध्वनिग्राहक यंत्र चौकटीबाहेर टांगून ठेवावयाचे, आणि पेटी-तबलेवाल्यांनी कॅमेऱ्याच्या दृष्टीआड बसून साथ करावयाची, अशी रीत होती. नट किती हलला, तोंड कोणीकडे वळविले, यावर आवाजाचा कमीअधिकपणा अवलंबून असे. हेच गाणे तबकडीसाठी घेताना गायक ग्रामोफोन कंपनीच्या खोलीत निश्चलपणे यंत्रासमोर उभा राही आणि ते पुन्हा गाई. तेथे अभिनय नाही, समोर दुसरे पात्र नाही, दृश्य नाही. म्हणजे चित्रपटातील गाणे आणि तबकडीवरील गाणे या एकाच गायनाच्या दोन प्रती नव्हेत. ती दोन स्वतंत्र गायने होत, आणि त्यांतील फरक शोधणे हे अभ्यासकाचे पहिले काम आहे.

१९३५ साली 'प्रभात'ने 'धर्मात्मा' काढला. त्यात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली आणि संगीत मास्टर कृष्णराव यांचे होते. येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या गायकाची कला प्रेक्षकांच्या दादेवर फुलत असे, त्याच्यासमोर यंत्राखेरीज कोणी राहिले नाही. चित्रपटात 'वन्स मोअर' नाही. जे एकदा चित्रित झाले तेच प्रत्येक खेळाला, प्रत्येक गावी, तसेच उमटणार. तबकडीने पदाची लांबी कापली होती, चित्रपटाने त्याची लवचीकता घेतली. या दृष्टीने पाहता नाटक, चित्रपट आणि तबकडी ही तीन निराळी मापे असून गाण्याने प्रत्येक ठिकाणी निराळा देह धारण केला, असे म्हणावे लागते.

त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'भाग्यचक्र' व त्याचे हिंदी रूप 'धूप छाँव' यांत पार्श्वगायनाचा उपयोग केला. गाणे अगोदर मुद्रित करावयाचे आणि नटाने मागाहून नुसते ओठ हलवावयाचे, ही पद्धत लवकरच सर्वत्र रूढ झाली. तिच्यामुळे दोन गायनांतील भेद नाहीसा होईल, असे कोणासही वाटेल. परंतु तसे झाले नाही. चित्रपटाचा ध्वनी फितीच्या कडेस प्रकाशरेषेच्या रूपाने उमटविला जाई, तर तबकडी मेणाच्या साच्यावर कोरली जाई. चुंबकीय फीत प्रचारात येईपर्यंत एकाचे दुसऱ्यावर उतरविणे सोयीचे नव्हते. सबब तेच गाणे पुष्कळदा दोनदा गावे लागे. तबकडीकरिता मधले वाद्यसंगीत आखडावयाचे, एखादा अंतरा गाळावयाचा, किंवा गाणे फारच लांब असल्यास ते दोन बाजूंवर विभागावयाचे, हे नित्याचे झाले. उलट चित्रपटातही कथेच्या ओघाला अडथळा होतो म्हणून एखादे कडवे कापले जाई आणि ते तबकडीवर मात्र शाबूत राही. दोहोंपैकी कोणतेही एक घेऊन हेच मूळ, असे म्हणता येत नाही.

हे झाले गाण्यांच्या लांबीरुंदीविषयी. याहून महत्त्वाचा फरक अर्थाचा आहे. १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटातील गाणी विष्णुपंत पागनीस यांनी गायिली आणि संगीत केशवराव भोळे यांनी दिले. १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हे सर्वश्रुतच आहे. त्यात तुकोबांच्या अभंगांसमवेत शांताराम आठवले यांनी रचिलेला एक अभंगही घातलेला आहे. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की, चित्रपटापासून सुटा होऊन भजनी मंडळांत जाताच पुष्कळ लोक त्यास तुकोबांचाच मानू लागले. गाणे आपल्या ठिकाणाहून हलविले म्हणजे त्याचा कर्ता आणि त्याचा काळ हेसुद्धा कसे पालटतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. चित्रपटात ते गाणे एका कवीने एका प्रसंगासाठी लिहिलेले होते; चित्रपटाबाहेर पडताच त्याचे वय तीनशे वर्षांनी वाढले.

केशवराव भोळे यांचा जन्म अमरावतीचा. तेव्हा वऱ्हाड-नागपूरकडील वाचकांस त्यांजविषयी आपुलकी वाटणे साहजिक आहे. गायक, संगीतकार आणि टीकाकार असे त्रिविध कार्य त्यांनी केले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले, त्यातील संगीत भोळ्यांचे होते. तेथे पदांची गर्दी मोडून गाणे प्रसंगाला आवश्यक असेल तेवढेच ठेवण्याचा प्रयत्न झाला. हाच विचार १९३७ सालच्या 'कुंकू' या चित्रपटात पूर्णत्वास गेला. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरा नावाच्या तरुणीची ही कथा. ती भूमिका शांता आपटे यांनी केली आणि दिग्दर्शन शांतारामांचे होते. या चित्रपटात पार्श्वसंगीत मुळीच नाही. पात्रांच्या जगात ज्याचा उगम आहे असाच ध्वनी प्रेक्षकांच्या कानी येतो: घड्याळाचा आवाज, रस्त्यावरील भिक्षेकऱ्याचे गाणे, नायिकेने स्वतः गायिलेले गीत. दुःखाच्या प्रसंगी सारंगी रडत नाही की क्रोधाच्या प्रसंगी नगारा वाजत नाही.

आता या चित्रपटाचे संगीत तबकडीवरून कसे समजणार? गाणी मिळतील, आणि ती गोड आहेत हेही कळेल; शांता आपट्यांनी लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही गायिली, हे कौतुकाने सांगितले जाईल. परंतु भोळे व शांताराम यांनी घेतलेला जो सर्वांत धाडसी निर्णय, म्हणजे गाण्याव्यतिरिक्त संगीतच न ठेवण्याचा, त्याचा मागमूसही तबकडीवर लागणार नाही. दोन गाण्यांमध्ये जी मोठी शांतता आहे तिच्यामुळेच त्या गाण्यांना चित्रपटात धार येते. रिकाम्या घरात घड्याळाचा ठोका ऐकून झाल्यावर रस्त्यावरून येणारे भिक्षेकऱ्याचे गाणे निराळे लागते; आणि दहा चित्रपटांतील दहा सुरेल गाण्यांच्या ओळीत बसविलेले तेच गाणे निराळे लागते. केवळ तबकड्यांवरून इतिहास लिहिणारा 'कुंकू'ला त्या काळच्या अन्य चित्रपटांच्या रांगेतील एक म्हणून मोजील, आणि संगीताच्या दृष्टीने त्याचे जे वेगळेपण, ते त्याच्या हातून निसटेल.

बारा वर्षांनी, १९४९ साली, बॉम्बे टॉकीजच्या 'महल' चित्रपटात खेमचंद प्रकाश यांनी एक गाणे लता मंगेशकर यांजकडून गाऊन घेतले. दुरून येणारा आवाज हळूहळू जवळ यावा म्हणून गायिकेस यंत्रापासून दूर उभे राहून गात गात पुढे यावयास सांगण्यात आले होते, असे लताबाईंनी पुढे सांगितले आहे. चित्रपटात त्या दूरत्वाला प्रयोजन आहे: ओसाड वाड्यात गाणारी ती स्त्री आहे की भास आहे, हा कथेचाच प्रश्न आहे. तबकडीवर गायिकेचे नाव छापले गेले ते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातील पात्राचे. श्रोत्यांनी नभोवाणीकडे पत्रे पाठवून खऱ्या नावाची विचारणा केली, आणि त्यानंतर लता मंगेशकर हे नाव घरोघर पोहोचले. पात्राच्या मालकीचे गाणे तबकडीमुळे गायिकेच्या मालकीचे झाले. तबकडीवर चित्रपटातील पात्र फार काळ टिकत नाही. उरतो तो गाणाऱ्याचा कंठ. पार्श्वगायकांना आपल्या देशात जे स्थान मिळाले त्याचा पाया येथे आहे. तबकडीने चित्रपटातून पुष्कळ काढून घेतले हे खरे. पण गाणाऱ्यास त्याचे नाव तिनेच मिळवून दिले, हेही तितकेच खरे.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. तेथील चित्रपटांत वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत मुख्य, म्हणून तबकडीवर तेच द्यावयाचे. १९४२ साली 'जंगल बुक'चे मिक्लोश रोझा यांनी रचिलेले संगीत तबकड्यांवर आले, तेव्हा सोबत कथानिवेदन जोडावे लागले. ते आपल्याकडील म्हैसूरच्या साबू या नटाने केले. चित्रपटात दृश्य जे सांगत होते ते तबकडीवर शब्दांनी सांगावे लागले. पुढे तेथे तुटक तुकडे जोडून, क्रम बदलून, प्रसंगी वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेऊन श्रवणास सोयीचा संच करण्याची प्रथा पडली. आपल्याकडे उलट झाले. येथे गाण्यांचीच विक्री होत असल्याने पार्श्वसंगीत तबकडीवर क्वचितच आले. शेकडो वादकांनी रात्रंदिवस खपून जे वाजविले, त्याची नोंद चित्रपटाच्या फितीवाचून अन्यत्र कोठेही राहिली नाही. फीत गेली की तेही गेले.

१९७५ सालचा 'शोले' या बाबतीत मोठा उद्बोधक आहे. राहुल देव बर्मन यांनी त्यासाठी बांधलेली एक कव्वाली तबकडीवर आहे, चित्रपटात नाही. उलट कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगी झोपाळ्याचा करकर आवाज, किंवा विधवा सून एकेक दिवा मालवीत असता ऐकू येणारा माउथ ऑर्गन, यांचा परिणाम चित्रपट पाहिल्यावाचून होणे नाही. त्या चित्रपटाच्या संवादांची स्वतंत्र तबकडी निघाली आणि तिचा अफाट खप झाला. लोकांना चित्रपटातून घरी न्यावयाचे होते ते केवळ गाणे नव्हते, हे त्यावरून दिसून येते. आणि २०१६ साली आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चे उदाहरण तर ताजेच आहे. अजय-अतुल यांची चार गाणी गावोगावच्या वरातींत वाजली. आमच्या जिल्ह्यात असे लग्न झाले नसेल की जेथे त्यांतील एक तरी वाजले नाही. त्या चित्रपटाच्या शेवटी मात्र काहीच वाजत नाही. रक्तात भिजलेल्या पावलांचे ठसे उमटवीत एक लहान मूल चालू लागते, आणि संपूर्ण निःशब्दता पसरते. चार गाण्यांचा सारा उल्हास या निःशब्दतेसाठीच रचलेला होता, हे चित्रगृहात बसलेल्या प्रत्येकास कळले. वरातीत नाचणाऱ्यास ते आठवण्याचे कारण नव्हते. 'कुंकू'पासून 'सैराट'पर्यंत सुमारे ऐंशी वर्षांचे अंतर आहे, तरी मुद्दा एकच राहतो: संगीत कोठे थांबवावे हा संगीतकाराचा विचार विक्रीच्या संचात येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, तबकडीवर हा सारा रोष कशासाठी? चित्रगृह ज्या गावी नव्हते तेथे चित्रपटाचे संगीत पोहोचविले ते तिनेच. हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. इतकेच नव्हे, तर कित्येक चित्रपटांची फीत नष्ट झाली असून केवळ तबकड्या उरल्या आहेत. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोपर्यंत कित्येक फिती कुजून किंवा जळून गेल्या होत्या. आणि २००३ च्या जानेवारीत पुण्यासच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्म झाला. अशा वेळी लाखेची एखादी चरे पडलेली तबकडी हाच आपला एकमेव साक्षीदार ठरतो. आमचे म्हणणे इतकेच की, साक्षीदाराने जेवढे पाहिले तेवढेच तो सांगेल, हे इतिहासकाराने ध्यानात ठेवावे. तबकडीवर आवाज कसा होता हे कळते. ते गाणे कोणत्या प्रसंगी, कोणासमोर, कोणत्या शांततेनंतर आले हे कळत नाही.

म्हणून यापुढे चित्रपटसंगीताचा इतिहास लिहिणाराने दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचावी. चित्रपट उपलब्ध असेल तेथे गाण्याचे स्थान, लांबी आणि भोवतालचा ध्वनी यांची नोंद करावी. तो उपलब्ध नसेल तेथे त्या काळच्या गाण्यांच्या पुस्तिका, जाहिराती आणि परीक्षणे यांवरून जितके जुळविता येईल तितके जुळवावे, आणि तबकडीवरून काढलेले अनुमान तबकडीपुरतेच ठेवावे. झाडीपट्टीच्या बाबतीत तर अजून वेळ गेलेली नाही. एखादे तरी नाटक पहिल्या नांदीपासून पहाटेच्या शेवटच्या प्रवेशापर्यंत, प्रेक्षकांच्या आरोळ्यांसकट व मधल्या थांबण्यांसकट, अखंड मुद्रित करून येथील महाविद्यालयांनी जतन केले, तर पुढील पिढीस या रंगभूमीची पारख तुकड्यांवरून करावी लागणार नाही. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. त्यासाठी एक रात्र जागण्याची तयारी तेवढी हवी.